तांदळातलं नाव

१

भैरवीनं दिलेल्या कागदावर सात ओळी होत्या. कृष्णात चौगुलेनं त्या दुकानातच, बोट ठेवून, एकेक करून वाचल्या.

दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण. चोळायचं नाही, स्वच्छ कागदानं टिपायचं. मलम पातळ लावायचं. ऊन लागू द्यायचं नाही. पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. खाज आली तरी नख लावायचं नाही. खपली आपोआप पडते, ओढायची नाही.

"वाचून दाखवू का आजोबा?" भैरवीनं विचारलं. राजारामपुरीतल्या त्या टॅटूच्या दुकानात ती एकटीच काम करायची. तिशीच्या आतली पोरगी, दोन्ही हात खांद्यापर्यंत रंगवलेले.

"मला डोळं हाईत."

"डोळं सगळ्यास्नीच हाईत. घरी गेल्यावर हळद लावत्यात, राख फासत्यात, आनि मग नाव माझं खराब हुतंय."

"हळद लावा म्हणून लिवलंय का हितं?"

"न्हाई."

"मग न्हाई लावणार."

ती हसली. त्याच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, 'मीना' अशी दोन काळी अक्षरं होती. भोवतीची कातडी लाल झाली होती. तासभर सुई चालू होती तेवढा वेळ म्हाताऱ्यानं हात हलवला नव्हता की तोंड वाकडं केलं नव्हतं.

"मीना म्हंजे आजी?"

"व्हय. पुढच्या म्हैन्यात वरीस हुतंय जाऊन."

"मग एकवीस दिवस जपा. कातडी वयाची हाय, येळ लागणार."

कृष्णातनं कागदाची चार घड्यांची घडी केली आणि खिशात घातली. वर्षश्राद्ध बरोबर तेविसाव्या दिवशी होतं. त्या दिवशी सगळे पाहुणे जमणार होते. त्यांच्यासमोर हे नाव स्वच्छ, सुलट, बरं झालेलं दिसलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. उद्यमनगरच्या एका फौंड्रीत त्यानं अडतीस वर्षं वाळूचे साचे बांधले होते. लोखंड ओतल्यावर साचा घाईनं फोडणाऱ्यातला तो नव्हता.

२

मीनाबाईच्या हातावर त्याचं नाव पन्नास वर्षं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जोतिबाच्या यात्रेत एका गोंदणारणीपुढं बसून तिनं ते करून घेतलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत नव्हती, म्हणून हातावर घेतलं. सुई टोचत होती तेव्हा कृष्णात दहा पावलांवर उभा राहून शेंगा खात होता. नंतर तिचा हात पंधरा दिवस सुजला. त्याच हातानं ती भाकरी थापत होती. दुखतंय का, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. 'ओ, ऐकलं का', या पलीकडं तिनं त्याला जन्मात हाक मारली नाही.

मागल्या वर्षी पंचगंगेच्या घाटावर चितेच्या शेणी रचताना तो हात सगळ्यात शेवटी झाकला गेला. कोपरापर्यंत हिरवं 'कृष्णात'. मग तेही दिसेनासं झालं.

त्या दिवसापासून त्याला एक गोष्ट आठवत राहिली होती. तिचं माहेरचं नाव हौसा. वरात घरी आली, तिनं उजव्या पायानं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप ओलांडलं, आणि मग दोघांना पाटावर बसवून पुढं तांदळाचं ताट ठेवलं. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात नव्या नवरीचं नाव लिहायचं. काय ठेवणार म्हणून सगळे त्याच्याकडं बघत होते. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

त्याच महिन्यात फौंड्रीत एका नव्या पंपाचं काम आलं होतं. पंपाच्या अंगावर नाव उठवायचं होतं, मीना. मालकाची कुणी असेल. कृष्णातनं बांधलेल्या साच्यातून पहिल्यांदाच अक्षरं इतकी स्वच्छ निघाली होती की मालकानं चार माणसांत त्याची पाठ थोपटली. तीच दोन अक्षरं त्यानं तांदळात लिहिली.

सहा वर्षांनी बिद्रीकडच्या एका विहिरीवर मीनाबाईनं तो पंप बघितला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ती दोन अक्षरं तेवढी ओळखीची होती. रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "माझं नाव हिरीवर बघितलं आज."

कृष्णात जेवत राहिला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

३

पाच दिवस सगळं कागदाबरहुकूम चाललं.

त्याचा मुलगा अमरसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा. सून संयोगिता शाळेत शिकवायची. आठनंतर जवाहरनगरातलं ते घर एकट्या कृष्णातचं. पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, त्यामागं मोरी. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दगडी उंबरा. आता कुणी असे उंबरे बसवत नाहीत. घर बांधताना त्यानं हट्टानं बसवून घेतला होता.

नऊ वाजता तो मोरीत बसून हात धुवायचा. कोमट पाण्याची धार कोपराकडून सोडायची. साबणाचा फेस बोटाच्या पेरानं फिरवायचा. कागदानं टिपायचं. हरभऱ्याच्या डाळीएवढं मलम.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास तो बाहेर खुर्चीत बसला असताना स्वयंपाकघरातून आवाज आला.

ताटात तांदूळ ओतल्याचा आवाज. मग ताट दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवतात, तांदूळ सारखे करायला, तसा आवाज. सर्र. सर्र. मग काही नाही.

तो उठून आत गेला. तांदळाच्या डब्याचं झाकण बंद होतं. ताटं मांडणीत उभी होती, कोरडी. खिडकी लावलेली. ओट्यावर तांदळाचा एक दाणा होता. सकाळीच सुनेनं भात लावला होता. त्यानं दाणा उचलून डब्यात टाकला.

उंदीर, तो मनाशी म्हणाला.

पण उंदीर तांदूळ सांडतो. सारखे करत नाही.

४

खपल्या धरल्या तशी खाज सुरू झाली. ती कागदावर लिहिलेलीच होती. पण कागदावर लिहिलेली खाज नावावर यायला हवी होती. ही नावाच्या खाली दोन बोटं येत होती. तिथं सुई लागलेलीच नव्हती.

त्यानं नख लावलं नाही. हाताखाली उशी घेऊन, मूठ आवळून बसून राहिला.

सातव्या दिवशी धुताना तिथं बोटाला खरखरीत लागलं. चष्मा घालून तो खिडकीशी गेला. बारीक बारीक खपल्या एका रेषेत आल्या होत्या. एक उभी काठी. तिच्या शेजारी एक वळण. रेघ सलग नव्हती. दाण्यादाण्यांची होती. तांदळात बोट ओढल्यावर कडा पडतात तशी.

बघता बघता त्याला ते ओळखू आलं. तो 'ग' होता. पण 'ग'ची काठी उजव्या अंगाला असते. ही डाव्या अंगाला होती.

दुसऱ्या कुणाला ते अक्षर वाटलंही नसतं. कृष्णातनं अडतीस वर्षं वाळूत उठलेली उलटी अक्षरं वाचली होती. लाकडी अक्षर वाळूत दाबलं की वाळूत ते उलटं उमटतं, आणि साचा बरोबर बांधला आहे की नाही ते त्या उलट्यावरूनच कळतं. सुलट्यापेक्षा उलटं त्याला लवकर वाचता यायचं. म्हणून त्याला हेही कळलं की हे बाहेरून कोरलेलं नाही. आतल्या बाजूनं कुणी सुलट लिहिलं, तर बाहेरून ते असं दिसेल.

त्यानं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"शाई पसरली आसंल," तो मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या घरात तो आवाज त्याला आवडला नाही.

मग हरभऱ्याच्या डाळीएवढं मलम घेऊन त्यानं नावाला लावलं. खालच्या अक्षराला लावायचं का, यावर तो थोडा वेळ थांबला. जखम ती जखम. तिलाही लावलं.

५

दहाव्या दिवशी तो भैरवीकडं गेला. तोवर दुसरं अक्षर अर्धं आलं होतं.

तिनं दिव्याखाली हात धरला. मोबाइल काढून तिनं पहिल्या दिवसाचा फोटो शोधला. फोटोत दोनच अक्षरं होती. खाली कोरी कातडी.

"आजोबा, हितं मी सुई लावलीच न्हाई."

"ठावं हाय."

"दुसऱ्या कुनाकडं गेलता काय? खरं सांगा."

"मी एका कामाला दोन मानसं लावत न्हाई."

"नख लावलंसा?"

त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं. ती ओशाळली.

"तुमी न्हाई लावणार, म्हायीत हाय मला. माझ्या आजवरच्या गिऱ्हाइकांत तुमच्याएवढं स्वच्छ कुनी ठेवलेलं न्हाई." तिनं हातमोजा घातलेलं बोट खालच्या खपलीजवळ नेलं आणि टेकवायच्या आधीच मागं घेतलं. "गरम लागतंय. डॉक्टरला दाखवा. त्ये खरवडून काढतील. लगीच काढलं तर जाईल, मुरलं की मग न्हाई जात."

"वरचं नाव ऱ्हाईल?"

"जवळ हाय लई. वरचं बी थोडं जाईल."

"मग नको."

"आजोबा, त्ये काय हाय ते तरी..."

"बरं व्हायला किती दिवस म्हणालीस?"

"एकवीस."

"अकरा ऱ्हायले," कृष्णात म्हणाला आणि बाही खाली ओढून उठला. दुकानाच्या दारापर्यंत ती त्याच्यामागं आली. रस्ता ओलांडून तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

६

बाराव्या दिवशी पहिली हाक आली.

ऊन अंगणात होतं. शेजारी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. आतून तांदळाचा आवाज येऊन गेला होता, आणि आता तो उठून बघायला जात नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी कुणाला तरी नावानं हाक मारली. बाईचा आवाज. ओरडून नाही. घरातल्या माणसाला मारतात तशी.

नाव त्याचं नव्हतं. घरातल्या कुणाचंच नव्हतं. त्याला नावानं हाक मारणारं तर आता माणूसच उरलं नव्हतं. मुलाला तो आबा, सुनेला मामा, गल्लीला चौगुले काका. तरी हाक ऐकून त्याची मान वळली.

मान वळली याचाच त्याला राग आला.

चौदाव्या दिवशी तो एसटीनं बिद्रीला गेला. तिथं मीनाबाईची थोरली बहीण होती. नव्वदीला टेकलेली, पण कान शाबूत. तिला सगळे अक्काच म्हणायचे. ती पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"या दाजी. वाट चुकलासा काय?"

"एक इचारायचं हाय अक्का. लग्नात नाव ठेवलं, तवा तू होतीस."

"पाठराखीण म्हणून मीच आलतो की तिच्यासंगं. पाच दिवस होतो तुमच्या घरी." अक्काची बोटं थांबली नाहीत. "पन्नास वर्सं झाली. आज बरं इचारावं वाटलं."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणंल? तुमच्या आईनं आतनं हाक मारली, मीना म्हणून. ही माझ्याजवळ बसलेली. ओ दिली न्हाई. मी म्हटलं, हौसा, तुलाच गं. म्हणाली, मला न्हाई, दुसऱ्या कुनाला तरी बलावत्यात. दुसरी हाक, तिसरी हाक. न्हाईच. आई चिडल्या. चौथी हाक मारली, तवा उठली आनि ओ म्हणाली. जाताना माझ्याकडं वळून बघितलं तिनं." अक्कानं शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. "मग हौसा म्हणून मी हाक मारली तर तिला ऐकूच जाईना. माझी भन त्या दिवशी गेली दाजी. ऱ्हाईली ती तुमची मीना."

कृष्णातनं बाही वर केली.

अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं हात जवळ ओढून घेतला, अंगठ्यानं खपल्या चाचपल्या. वरचं नाव सोडून तिचा अंगठा खाली आला आणि तिथंच राहिला. दुसरं अक्षर पुरं झालं होतं. तिसऱ्याची काठी आली होती.

"कुनाचं हाय ह्ये?"

"अजून कुनाचं न्हाई," कृष्णात म्हणाला.

अक्कानं सूप बाजूला सारलं. मग उठली, आत गेली, आणि फडक्यात बांधलेला एक बिब्बा घेऊन आली.

"सुईत खुपसून दिव्यावर धरा. त्याल सुटलं की लावा त्यावर. कातडी जळंल, फोड येतील. येऊ द्यात. पन ह्ये पुरं हुयाच्या आत लावा. नाव ठेवणारं मानूस घरी न्यायाला ठेवतंय, दाजी. ठेवून सोडून देत न्हाई."

"तुझी भन हाय ती."

"म्हणून तर बिब्बा देतोय. ती हट्टाची किती, मला म्हायीत हाय." तिनं त्याचा हात सोडला नाही. "तुमी बी काय कमी न्हाई म्हणा."

७

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर कृष्णातनं दिवा लावला.

बिब्ब्यात दाभण खुपसलं, आचेवर धरलं. काळं तेल टोकाशी जमलं. हात पाटावर ठेवला होता. तीनच अक्षरं, तीन ठिपके पुरले असते. मग फोड, मग डाग. मग वर्षश्राद्ध, पाहुणे, जेवणं. मग पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं. तब्येत त्याची खणखणीत होती. डॉक्टर म्हणायचे, चौगुले, नव्वदी बघणार तुम्ही.

स्वयंपाकघरात ताट हललं. सर्र.

दुसरी हाक आली.

या वेळी त्याला आवाज नीट ऐकू आला. एकावन्न वर्षं त्यानं तो आवाज ऐकला होता. पण त्या आवाजात नाव कधी ऐकलं नव्हतं. 'ओ, ऐकलं का' म्हणताना ती शब्द गिळल्यासारखं म्हणायची. हे पूर्ण तोंड उघडून म्हटलं होतं. हक्कानं.

तेलाचा थेंब पाटावर पडला. लाकूड काळं झालं.

कृष्णात दिव्याकडं बघत बसला. त्याला यात्रेतली शेंगांची चव आठवली. सुजलेला हात पिठात बुडालेला आठवला. वाढता वाढता ती जे बोलली होती आणि त्यावर आपण काय म्हटलं होतं, ते आठवलं. काहीच म्हटलं नव्हतं.

त्यानं फुंकर मारून दिवा विझवला. बिब्बा फडक्यात बांधला आणि गटारात नेऊन टाकला. खिशातून भैरवीचा कागद काढून पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला. त्यात बिब्बा कुठंच नव्हता.

मग तो मोरीत गेला आणि हात धुतला. नऊ वाजून गेले होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उशीर झाला होता.

८

"आबा, हात दाखवा," अमरसिंह म्हणाला. एकोणिसावा दिवस, रविवार. सगळे घरी होते.

"बरा हुतोय."

"बारा म्हैनं कुनी फुल बाह्याचा शर्ट घालत न्हाई घरात. दाखवा."

"ऊन लागू द्यायचं न्हाई म्हणून लिवलंय."

"घरात कसलं ऊन? संयोगिता, तू सांग की ह्यास्नी."

"मी काय सांगू?" सून भाजी चिरता चिरता म्हणाली. "माझ्या शाळेतली पोरं ऐकतील, मामा न्हाई ऐकायचे. कालपासून तर मी हाक मारली तरी बघत न्हाईत. तीनदा मामा म्हटलं की एकदा ओ देतात."

"कान तपासून घेऊ आबा."

"कान चांगलं हाईत," कृष्णात म्हणाला. ते खरं होतं. सुनेची हाक ऐकू येत होती. ती आपल्याला आहे, हे कळायलाच वेळ लागत होता.

"वरसाला कोन कोन येणार ती यादी करायची हाय," मुलगा म्हणाला.

"तू कर. अक्काला गाडी पाठव. आनि भैरवी म्हणून पोरगी हाय राजारामपुरीत, तिला सांगावा दे. नाव चांगलं आलंय म्हणावं."

"तुमीच सांगा की."

कृष्णातनं मुलाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. अमरसिंह कपाळ खाजवत उठून गेला.

संयोगिता ओट्याशी उभी होती. तिच्या मागं, उंबऱ्याच्या आत, जमिनीलगत तिसरी हाक आली. ती मागं वळली नाही. तिची सुरी तशीच चालू राहिली. कृष्णातनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि उठला नाही.

९

एकविसाव्या दिवशी नऊ वाजता त्यानं पाणी कोमट केलं.

हात धुताना शेवटच्या खपल्या सुटल्या. ओढाव्या लागल्या नाहीत. पाण्याबरोबर मोरीत गेल्या. त्यानं कागदानं टिपून घेतलं आणि खिडकीशी आला. वर 'मीना', काळंभोर, कडा धारदार. भैरवीचं काम चांगलं होतं. खाली तीन अक्षरं, हिरवी, उलटी, शिकाऊ हाताची. पण कुठं तुटलेली नव्हती, कुठं फाटलेली नव्हती. असा साचा त्याच्या हाताखालच्या पोरानं बांधला असता तर त्यानं त्याची पाठ थोपटली असती.

त्यानं ते नाव वाचलं. पुरुषाचं नाव होतं. बरं होतं. आपल्याला विचारलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो विचार त्यानं तिथंच सोडला.

मलमाची नळी शेवटाकडून गुंडाळत आणून त्यानं उरलेलं मलम दोन्ही नावांना लावलं. टोपण घट्ट बसवलं. भैरवीचा कागद तिच्याखाली ठेवला. ठेवलेला धुवट सदरा घातला आणि बैठकीच्या खोलीत खुर्चीत बसला.

दुपारचे बारा वाजून गेले. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. नंतर गल्ली शांत झाली.

आत तांदूळ ओतले गेले. ताट हललं. सर्र. सर्र. मग एक नवा आवाज आला. धातूचं काहीतरी तांदळातून हळूहळू ओढल्याचा.

कृष्णात उठून दारापाशी गेला आणि वाकून आत बघितलं.

ओट्याच्या पलीकडं, सावलीत, कुणीतरी पाटावर बसलेलं होतं. ओट्याच्या कडेनं दिसत होता तो फक्त एक हात. करंगळी वाकडी, भाकरीच्या तव्यानं भाजल्याचा पांढरा डाग मनगटापाशी. तो हात त्यानं पाटावर, चुलीपाशी, दवाखान्याच्या चादरीवर बघितला होता. बोटात अंगठी होती. हात ताटातल्या तांदळावर फिरत होता. शेवटची आडवी रेघ ओढून तो थांबला.

मनगटापासून कोपरापर्यंत तो हात कोरा होता. हिरव्या अक्षरांची खूणसुद्धा नव्हती.

कृष्णातनं खाली बघितलं. दगडी उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं होतं. सकाळी ते तिथं नव्हतं. नवरी येते तेव्हा आधी माप असतं, मग नाव. इथं नाव आधी आलं होतं. त्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं.

चौथी हाक आली.

बाहेर फाटकाची कडी वाजली. संयोगिता आज लवकर सुटली असावी. "मामा," तिनं हाक मारली. "मामा, दार उघडा की." मग जरा मोठ्यानं. कृष्णातला तो आवाज ऐकू आला, आणि कुणाला तरी बोलावताहेत, एवढंच त्याला वाटलं.

"ओ," तो आतल्या बाजूला म्हणाला, आणि उजवा पाय उचलला.